हातातली बॅग: द्रव पदार्थ, लोणचं, भाजणी, पॉवर बँक. सुरक्षा तपासणीत नेमकं काय चालतं?

पानगळ

नमस्कार मंडळी. घरातली दोन ज्येष्ठ माणसं पहिल्यांदा अमेरिकेला निघाली आहेत. मुंबई–फ्रँकफर्ट–शिकागो आणि तिथून देशांतर्गत विमानाने डेन्व्हर, सगळं एकाच तिकिटावर. चेक-इन बॅगांचं वजन वगैरे जमवलं आहे. गोंधळ आहे तो हातातल्या बॅगेचा. १०० मिली हा आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण त्यापुढे जो तो वेगळं सांगतो.

माझे प्रश्न:
१०० मिली म्हणजे बाटलीचं माप की आत उरलेला ऐवज? साजूक तूप द्रव धरतात का? भाजणी, मेतकूट, गोडा मसाला हातात न्यावा का? इन्सुलिन आणि वैद्यांनी दिलेलं अरिष्ट यांचं काय? मुंबईच्या ड्युटी फ्री दुकानातली बाटली डेन्व्हरपर्यंत सुखरूप जाते का? पॉवर बँक कुठे ठेवायची?

"विमान कंपनीच्या साइटवर बघा" हे उत्तर मिळालं आहे. तिथे एकाच कंपनीचे नियम असतात, आणि इथे तीन देश आहेत, म्हणून विचारतो आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

खिडकीची सीट

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा: नियम तिकिटाला लागत नाही, तपासणीच्या नाक्याला लागतो. तुमच्या मार्गावर असे तीन नाके आहेत.

पहिला मुंबई. तपासणी सीआयएसएफ करते, नियम नागरी उड्डाण सुरक्षा ब्यूरोचे, म्हणजे बीसीएएसचे. दुसरा फ्रँकफर्ट. भारतातून आलेल्या प्रवाशाची तिथे पुढच्या विमानाआधी पुन्हा तपासणी होते, मुंबईत झालेली धरत नाहीत. तिसरा शिकागो. अमेरिकेत पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन होतं, पट्ट्यावरून चेक-इन बॅगा घ्याव्या लागतात, कस्टम्समधून बाहेर पडून त्या पुन्हा द्याव्या लागतात, आणि डेन्व्हरच्या विमानासाठी टीएसएची, म्हणजे अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेची, तपासणी नव्याने होते. बॅगेवर डेन्व्हरचा टॅग असला तरी हे करावंच लागतं. ज्येष्ठांना हे आधी समजावून ठेवा, बरेच जण थेट पुढे निघून जातात आणि बॅगा पट्ट्यावरच राहतात.

या तिन्हींपैकी जो नाका सगळ्यात कडक, त्याच्या हिशोबाने बॅग भरायची. मुंबईत सुटलं म्हणून शिकागोत सुटेल असं नाही.

आता १०० मिली. मोजतात ते भांड्याचं माप. १५० मिलीच्या ट्यूबमध्ये तळाशी चमचाभर मलम उरलं असेल तरी ती ट्यूब चालत नाही. बरोबर १०० मिली लिहिलेली बाटली चालते. अशा सगळ्या बाटल्या एका पारदर्शक, पुन्हा बंद होणाऱ्या पिशवीत बसल्या पाहिजेत. युरोपात ही पिशवी जास्तीत जास्त १ लिटरची, म्हणजे साधारण २० × २० सेंटिमीटरची. अमेरिकेत एक क्वार्टची, म्हणजे किंचित लहान. माणशी एकच पिशवी, आणि ती ताण न पडता बंद झाली पाहिजे. १०० मिलीच्या दहा बाटल्या हिशोबाने १ लिटर होतात, पण बाटल्यांच्या आकारामुळे पिशवीत प्रत्यक्षात पाच-सहाच मावतात.

टूथपेस्टवर आपल्याकडे ग्रॅम लिहिलेले असतात. पेस्ट पाण्यापेक्षा जड, त्यामुळे १२० ग्रॅमची ट्यूब आकारमानाने १०० मिलीच्या आत असू शकते. पण नाक्यावरचा माणूस घनतेचं गणित करत बसणार नाही, छापलेला आकडा बघेल. १०० ग्रॅम किंवा कमीचीच घ्या.

चकली

तूप, लोणचं या विषयावर मी लिहिते. टीएसए आणि युरोपीय नियमांत द्रव म्हणजे फक्त वाहणारं नव्हे. जे पसरतं, लेपता येतं, पिळून निघतं, ओतता येतं ते सगळं त्यात येतं. म्हणून तूप (थिजलेलंसुद्धा), श्रीखंड, चक्का, मध, काकवी, गुलकंद, च्यवनप्राश, मुरांबा, ओली चटणी, पाकातले गुलाबजाम, आमरस, कोकमाचं आगळ हे सगळं त्या १०० मिलीच्या हिशोबात धरा. अमेरिकेत शेंगदाण्याचं लोणी द्रव धरतात, मग आपल्या तुपाला कोण सोडणार?

घन म्हणून जातं ते: पुरणपोळी, लाडू, पेढे, बर्फी, बाकरवडी, चिवडा, शंकरपाळे, सुक्या चटण्या (पण चटणी म्हणजे पावडर, त्याबद्दल कुणीतरी लिहीलच), गुळाची ढेप.

शंकेखोर

तुपाबद्दल असहमत. डिसेंबरात पुण्याचं तूप दगडासारखं घट्ट असतं. फ्रीझरमधून काढून नेलं तर घनच की.

चकली

@शंकेखोर, गोठलेल्या वस्तूंबद्दल टीएसएचा नियम असा आहे की तपासणीच्या क्षणी ती पूर्ण गोठलेली हवी. थोडीशी जरी पातळ झाली, तळाशी पाणी सुटलेलं दिसलं, की १०० मिलीची अट लागू. तूप मानवी अंगाच्या उष्णतेने विरघळायला लागतं. घर ते मुंबई विमानतळ, तिथली रांग, साडेआठ-नऊ तासांचं विमान, मग फ्रँकफर्टची रांग. इतका वेळ ते दगड राहणार नाही, आणि युरोपात घट्ट तुपालाही लेपाचा पदार्थ म्हणूनच बघतात. तूप चेक-इनमध्ये, विषय संपला.

एक्सरे

नियम का आहे हे कळलं की काय अडेल याचा अंदाज आपोआप येतो, म्हणून थोडं मूळ सांगतो.

११ डिसेंबर १९९४ ला फिलिपीन एअरलाइन्सच्या ४३४ क्रमांकाच्या विमानात स्फोट झाला. कॉन्टॅक्ट लेन्सच्या द्रावणाच्या बाटलीतून द्रवरूप स्फोटक नेलं होतं. तेव्हा नियम बदलले नाहीत. बदलले ते १० ऑगस्ट २००६ ला ब्रिटनमध्ये कट उघड झाल्यावर. शीतपेयांच्या बाटल्यांत हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारित मिश्रण भरून अटलांटिक ओलांडणारी विमानं उडवायचा तो डाव होता. सुरुवातीला सगळ्याच द्रवांवर बंदी आली, मग सप्टेंबरात अमेरिकेने आणि नोव्हेंबरात युरोपने छोट्या बाटल्या आणि पारदर्शक पिशवीची सवलत दिली. आजचा नियम तिथून आला.

जुन्या एक्सरे यंत्रात वस्तूची एका-दोन बाजूंनी सपाट प्रतिमा दिसते. सेंद्रिय पदार्थ नारिंगी, धातू निळे, मधले हिरवे. पाणी आणि पेरॉक्साइडचं तीव्र द्रावण या चित्रात खात्रीने वेगळं काढता येत नाही. नवीन सीटी यंत्र बॅगेभोवती फिरून असंख्य कोनांतून चित्रं घेतं, प्रत्येक वस्तूचं घनरूप आणि घनता मिळते. म्हणून तिथे लॅपटॉप आणि बाटल्या बॅगेतच ठेवता येतात.

याचा खाऊशी संबंध असा: पेढ्यांचा खोका, खजुराचा गट्टा, गुळाची ढेप, चीजचा ठोकळा हे दाट सेंद्रिय ठोकळे आहेत. पडद्यावर गडद नारिंगी दिसतात, आणि स्फोटकही तसंच दिसतं. पदार्थ चालतो, पण बॅग बाजूला काढून उघडली जाते. असे पदार्थ बॅगेत सगळ्यात वर ठेवा, लॅपटॉप-चार्जरच्या वायरींच्या गुंत्याखाली अजिबात नको. दाट ठोकळा आणि त्यावर वायरी म्हटल्यावर कुठलाही ऑपरेटर पट्टा थांबवणारच, आणि त्याने थांबवावाच.

शंकेखोर

म्हणजे सीटी यंत्र आलं की १०० मिली संपलं. मग हा धागा कालबाह्य आहे. युरोपात आता दोन लिटर चालतं अशी बातमी वाचली आहे.

खिडकीची सीट

बातमी खरी आहे, निष्कर्ष घाईचा आहे. ब्रिटनमध्ये टीसाइड आणि लंडन सिटी विमानतळांनी २०२३ मध्येच दोन लिटरची मुभा दिली होती. जून २०२४ मध्ये सरकारने ती काढून घेतली आणि तिथे पुन्हा १०० मिली आलं. १ सप्टेंबर २०२४ पासून युरोपीय संघानेही आपल्या विमानतळांवर तेच केलं. कारण यंत्रांच्या द्रव ओळखण्याच्या क्षमतेवर शंका होती. जुलै २०२५ मध्ये सुधारित प्रणालीला मान्यता मिळाली. मग एडिंबरा, रोम, मिलान, आणि जानेवारी २०२६ मध्ये हीथ्रो इथे दोन लिटरपर्यंतच्या बाटल्यांना परवानगी मिळाली.

पण फ्रँकफर्टला काही रांगांत नवी यंत्रं आहेत, काहींत जुनी. कुठल्या रांगेत पाठवतील ते आपल्या हातात नाही. आणि अमेरिकेत सीटी यंत्र समोर असलं तरी टीएसएची मर्यादा ३.४ औंस, म्हणजे १०० मिलीच आहे. हीथ्रोहून निघताना दोन लिटर चाललं, तरी परतीच्या प्रवासात शिकागोत १०० मिलीच. आपल्या मार्गावर सगळे नाके नवे होईपर्यंत बॅग जुन्याच हिशोबाने भरायची.

सातपुडा

देशांतर्गत प्रवासाबद्दलही लिहा कुणीतरी. नागपूर–मुंबई विमानात पाण्याची बाटली राजरोस नेतात.

खिडकीची सीट

बरोबर. भारतात १०० मिलीची अट आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी आहे. देशांतर्गत विमानात पाणी, ताक, खोबरेल तेलाची छोटी बाटली सहसा अडवत नाहीत. जपानमध्ये आणि ऑस्ट्रेलियातही देशांतर्गत उड्डाणाला द्रवाची अशी मर्यादा नाही. अमेरिकेत मात्र देशांतर्गत असो की परदेशी, मर्यादा सारखीच, म्हणून शिकागो–डेन्व्हर टप्प्यालाही लागू.

नागपूरहून मुंबईमार्गे परदेशी जाणाऱ्यांनी इथे सावध राहावं. नागपुरात सुटलेली बाटली मुंबईत आंतरराष्ट्रीय तपासणीत काढून घेतील.

रिकामी बाटली सगळीकडे चालते. तपासणीनंतर भरून घ्यावी.

गोंयकार

भारतातल्या नाक्यावर द्रवापेक्षा वेगळ्या गोष्टी जास्त अडतात, त्या सांगतो.

सुकं खोबरं. हातात नाही, चेक-इनमध्येही नाही. धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत 'कोप्रा' यूएन १३६३ या क्रमांकाने, वर्ग ४.२ मध्ये आहे, म्हणजे आपोआप तापून पेट घेऊ शकणारे पदार्थ. खोबऱ्यात तेल भरपूर, हवेशी संयोग होऊन उष्णता सुटते आणि बंदिस्त ढिगात ती साठत जाते. खोबऱ्याच्या वाट्या मुंबई विमानतळावर हमखास काढतात, आणि चेक-इन बॅगेत सापडल्या तर बॅग उघडायला प्रवाशाला बोलावून घेतात. वेळ जातो, कधी बॅग मागे राहते.

कापूर. यूएन २७१७, वर्ग ४.१, ज्वलनशील घन. दोन्हीकडे बंद. पूजेचं साहित्य भरताना कापराची डबी आणि काडेपेटी आधी बाहेर काढा. काडेपेटी आणि लायटर भारतातून जाताना ना हातात, ना चेक-इनमध्ये.

शेंडीचा नारळही केबिनमध्ये एरवी चालत नाही. शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतल्या, म्हणजे डोक्यावर न्यायच्या पूजेच्या गाठोड्यातल्या, नारळासाठी बीसीएएसने २०२४ च्या हंगामात खास सवलत दिली होती, ती २० जानेवारी २०२५ पर्यंतच होती. देवाचा नारळ असला तरी सवलतीची मुदत बघावी लागते.

मिरचीचं लोणचं आणि मिरचीपूड केबिनमध्ये नको. कैरीच्या लोणच्याकडे एक वेळ दुर्लक्ष होईल, मिरचीकडे होत नाही, कारण ती डोळ्यांत फेकता येते. अडकित्ता, विळी, सोलाणं, कात्री चेक-इनमध्ये.

चकली

+१. खोबऱ्याबद्दल एक भर: दिवाळीच्या फराळात चिवड्यातल्या चार कापांवरून कुणी अडवत नाही. प्रश्न वाट्यांचा आणि किसाच्या पाकिटाचा आहे. खोबऱ्याच्या सुक्या चटणीऐवजी तीळ-शेंगदाण्याची न्या, चव उतरत नाही आणि वादही नाही.

रानजाई

पावडरींबद्दल कुणी लिहिलं नाही अजून, म्हणून लिहिते. ३० जून २०१८ पासून अमेरिकेला येणाऱ्या विमानांच्या शेवटच्या विमानतळावर १२ औंसापेक्षा, म्हणजे ३५० मिलीपेक्षा जास्त पावडर हातातल्या बॅगेत असेल तर वेगळी तपासणी होते. पदार्थ ओळखता आला नाही तर तो विमानात जात नाही. धागाकर्त्यांच्या मार्गावर ही तपासणी फ्रँकफर्टला लागते. ३५० मिली म्हणजे शीतपेयाच्या एका कॅनएवढं. किलोभर भाजणी त्याच्या कितीतरी पुढे.

भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, नाचणी सत्त्व, हळद सगळं चेक-इनमध्ये. शक्यतो दुकानाचं लेबल असलेल्या मूळ पाकिटात. घरची असेल तर जाड पिशवीत भरून बाहेर इंग्रजीत नाव लिहा: 'मल्टिग्रेन फ्लाउर', 'स्पाइस मिक्स'. बिनलेबल पांढरट-तपकिरी पीठ बघून माणसाने काय समजायचं?

ऑस्ट्रेलियात आणि कॅनडात ३५० मिलीची मर्यादा अकार्बनी पावडरींना आहे: मीठ, टाल्कम, रांगोळी. खाण्याच्या पिठाला ती लागत नाही.

सिडनीकर

@रानजाई, बरोबर, पण ऑस्ट्रेलियाबाबत कृपया दोन गोष्टी एकत्र करू नका. विमानतळावरची सुरक्षा वेगळी आणि उतरल्यावरची जैवसुरक्षा वेगळी. सुरक्षेत सुटलेली भाजणी सिडनीला उतरल्यावर कार्डावर जाहीर करावीच लागते. बिया, दुधाचे पदार्थ, घरची मिठाई, मसाले, लाकडी वस्तू, पूजेची फुलं, सगळं. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात. न सांगता सापडली तर जागेवर दंड. अमेरिकेतही ताजी फळं, मांसाचे पदार्थ अडतात, आणि तिथेही जाहीर करण्याचाच नियम आहे.

दुबईवासी

त्याच धर्तीवर एक महत्त्वाचं: खसखस. संयुक्त अरब अमिरातीत ती बंदी असलेल्या पदार्थांत मोडते, सिंगापुरातही. अनारशांवर, काही लाडवांत आणि मसाल्यांत खसखस असते. दिवाळीत दुबईमार्गे किंवा दुबईला जाणाऱ्यांनी अनारसे घरीच ठेवावेत. हा शिळ्या बातमीतला बागुलबुवा नाही, तिथला अमली पदार्थांचा कायदा आहे. 'आमच्याकडे प्रसादात घालतात' हे स्पष्टीकरण तिथे चालत नाही.

चकली

अनारसे बिन-खसखशीचे करायचे म्हणजे मन मोठं करावं लागेल. पण कायदा तो कायदा.

औषधवाली

औषधांबद्दल मुद्देसूद लिहिते, कारण ज्येष्ठांच्या बाबतीत हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा.

इन्सुलिन कधीही चेक-इनमध्ये नाही. सामानाच्या कप्प्यात तापमान खूप खाली जाऊ शकतं आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं राहत नाही. शिवाय बॅग उशिरा आली तर डोसच चुकतो. पेन, सुया, ग्लुकोमीटर, स्ट्रिप्स सगळं हातात, एका वेगळ्या पाऊचमध्ये. सुया इन्सुलिनबरोबर असल्या की चालतात, एकट्या सुया दिसल्या तर प्रश्न येतो. प्रवासाला लागेल त्यापेक्षा थोडं जास्त घ्या.

औषधी द्रवांना १०० मिलीची अट नाही आणि ते त्या पारदर्शक पिशवीत ठेवायचेही नाहीत. पण तपासणी सुरू व्हायच्या आधी स्वतःहून सांगायचं आणि ट्रेमध्ये वेगळं काढून ठेवायचं. थंड ठेवायची जेलची पिशवी अर्धवट विरघळलेली असली तरी औषधासाठी असेल तर टीएसए चालवून घेतं. खाऊसाठी असेल तर नाही.

चिठ्ठी इंग्रजीत हवी: रुग्णाचं पासपोर्टवरचंच नाव, औषधाचं मूळ नाव (ब्रँडच्या नावावर थांबू नका, परदेशात ते कुणाला कळत नाही), मात्रा, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, सही-शिक्का. गोळ्या मूळ पाकिटात. आठवड्याच्या वारांच्या डबीत भरलेल्या गोळ्या घरी सोयीच्या, विमानतळावर अडचणीच्या.

आता अरिष्ट. ४५० मिलीची बाटली, तपकिरी द्रव, लेबलवर स्वयंनिर्मित अल्कोहोल असा उल्लेख. वैद्यांची चिठ्ठी असली तरी फ्रँकफर्टचा अधिकारी तिला प्रवासात अत्यावश्यक मानेल याची खात्री देता येत नाही, आणि निर्णय त्याचा असतो. दोन-तीन दिवसांचं प्रमाण १०० मिलीच्या बाटलीत काढून पारदर्शक पिशवीत ठेवा, मोठी बाटली चेक-इनमध्ये. काढ्याचंही तसंच. होमिओपॅथीच्या ३० मिलीच्या बाटल्या पिशवीत सहज बसतात.

डोळ्यांचे थेंब, खोकल्याचं औषध, दमाचा पंप हे हातातच. पंप म्हणजे एरोसोल, पण औषध आहे म्हणून चालतो.

सातपुडा

आणि लहान बाळ असेल तर?

औषधवाली

बाळासोबत असताना दूध, पावडरचं दूध कालवायला उकळून गार केलेलं पाणी, पातळ पेज हे प्रवासापुरतं नेता येतं, १०० मिलीची अट नाही. वेगळं काढून सांगायचं, बाटल्या उघडून तपासू शकतात. आईचं काढलेलं दूध अमेरिकेत बाळ बरोबर नसतानाही नेता येतं. ब्रिटनमध्येही २ लिटरपर्यंत चालतं, मात्र गोठवलेलं असेल तर तिथे हातात नेऊ देत नाहीत.

बॅटरीवाला

पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेत. चेक-इनमध्ये सापडली तर बॅग थांबते. कारण साधं आहे: लिथियम सेल बिघडून पेटला तर केबिनमध्ये माणसं लगेच बघतात, पाणी ओतून सेल गार करता येतो. खालच्या कप्प्यात कुणी नसतं.

मर्यादा वॉट-अवरमध्ये मोजतात. पॉवर बँकेवर छापलेल्या क्षमतेला, म्हणजे एमएएचला, ३.७ ने गुणायचं आणि १००० ने भागायचं. १०,००० एमएएच म्हणजे ३७ वॉट-अवर, २०,००० म्हणजे ७४. १०० पर्यंत चालते. १०० ते १६० असेल तर विमान कंपनीची परवानगी घ्यायची आणि जास्तीत जास्त दोन. १६० च्या वर बंद. म्हणून २७,००० एमएएच (९९.९) हा बाजारात दिसणारा शेवटचा सोयीचा आकडा. ३०,००० म्हणजे १११ होतात आणि वाद सुरू. काही लेबलांवर ५ व्होल्टने काढलेला आकडा असतो, तो इथे धरत नाहीत, सेलचा व्होल्टेज ३.७ च.

छापलेला आकडा पुसट झाला असेल तर ती पॉवर बँक नेऊ नका. अधिकाऱ्याला वाचता आला नाही तर तो जमा करून घेतो. चीनमध्ये २८ जून २०२५ पासून देशांतर्गत विमानात '३सी' ही तिथली सुरक्षा प्रमाणपत्राची खूण नसलेली पॉवर बँक चालतच नाही.

२८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियात गिमहे विमानतळावर एअर बुसानचं विमान उभं असतानाच जळालं. डोक्यावरच्या कप्प्यातल्या पॉवर बँकेकडे तपासाचा रोख गेला. १ मार्चपासून कोरियाने पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायला बंदी केली. सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिल २०२५ पासून विमानात पॉवर बँकेने फोन चार्ज करणं बंद केलं, एमिरेट्सने १ ऑक्टोबरपासून माणशी एकच आणि तीही वापरायची नाही असं ठरवलं. पूर्ण मार्गावरच्या प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा बघावा लागतो. आणि नियम असो-नसो, पॉवर बँक समोरच्या सीटच्या खिशात किंवा पायाजवळच्या बॅगेत ठेवा, हात पोचेल अशी.

फुगलेली पॉवर बँक घराबाहेरही काढू नका. विमान तर दूरच.

गोंयकार

थोडं अवांतर, पण परदेशातून सह्याद्रीत ट्रेकिंगला येणाऱ्या मित्रमंडळींना सांगून ठेवा: उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारी छोटी यंत्रं (गार्मिन इनरीच वगैरे) आणि सॅटेलाइट फोन भारतात परवानगीशिवाय बेकायदा आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये दाबोळी विमानतळावर एका परदेशी महिलेला सुरक्षा तपासणीत असं यंत्र सापडल्यावर पोलिसांकडे जावं लागलं. जे यंत्र परदेशात डोंगरात जीव वाचवायला घेतात, त्यामुळेच इथे गुन्हा नोंदवला जातो. ई-सिगारेटही नको, २०१९ च्या कायद्याने तिच्यावर बंदी आहे.

शंकेखोर

अवांतर चाललंच आहे तर फेणीचं काय? गोव्याहून पुण्याला.

गोंयकार

चेक-इनमध्ये. २४ ते ७० टक्के अल्कोहोल असलेली दारू माणशी ५ लिटरपर्यंत, दुकानाच्या सीलबंद बाटलीत. ७० च्या वर अजिबात नाही. काजू फेणी साधारण ४२ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे चालते. गावच्या भट्टीवरची पाण्याच्या बाटलीत भरलेली फेणी मात्र चालत नाही, कारण सील नाही, लेबल नाही, किती टक्के ते कुणालाच सांगता येत नाही. राज्याबाहेर नेताना अबकारी परवाना वेगळा लागतो, तो दुकानातूनच करून घ्यावा.

चकली

लोणचं-तूप चेक-इनमध्ये टाकताना गळतं ते का आणि कसं टाळायचं हेही लिहिते. उडताना विमानातल्या हवेचा दाब सुमारे २४०० मीटर उंचीवर असतो तेवढा, म्हणजे समुद्रसपाटीच्या तीन-चतुर्थांश होतो. सामानाच्या कप्प्यातही तोच. बरणीत अडकलेली हवा त्यामुळे जवळजवळ एक तृतीयांशाने फुगते आणि तेलाला झाकणाबाहेर ढकलते. म्हणून बरणीत हवा कमीत कमी ठेवायची. फिरकीचं झाकण हवं, टिचकीचं नको. झाकणाखाली जाड प्लास्टिकचा तुकडा, वरून टेप, मग दोन झिप पिशव्या, दुसऱ्या पिशवीत जुना टॉवेल, आणि बॅगेच्या मधोमध कपड्यांत. ताजं, अजून मुरत असलेलं लोणचं टाळा, त्यातून वायू सुटत राहतो. शाम्पू-तेलाच्या छोट्या बाटल्याही दाबून हवा काढून मगच बंद करा.

पानगळ

सगळ्यांचे मनापासून आभार. खोबऱ्याच्या वाट्या आणि कापराची डबी बॅगेत होती, दोन्ही काढली. भाजणी चेक-इनमध्ये गेली. राहिला ड्युटी फ्रीचा प्रश्न. मुंबईहून परफ्यूम आणि एक बाटली घ्यायचा विचार आहे.

खिडकीची सीट

दुकानदाराला पूर्ण मार्ग सांगा: फ्रँकफर्ट, शिकागो, शेवटी डेन्व्हर. फक्त बोर्डिंग पास दाखवला तर तो पहिल्याच विमानाचा विचार करतो. माल लाल कडेच्या सीलबंद पिशवीत भरून द्यायला सांगा. ही पिशवी एकदा उघडली की पुन्हा बंद होत नाही. पावती पिशवीच्या आत, बाहेरून वाचता येईल अशी. २०१४ पासून युरोपात अशी न उघडलेली पिशवी बाहेरच्या देशातून आलेली असली तरी वेगळ्या यंत्रावर तपासून सोडतात. विमानात 'जरा वास बघू' म्हणून पिशवी फाडली की फ्रँकफर्टला परफ्यूम गेला.

शिकागोत टीएसएही सीलबंद पिशवी स्वीकारतं, खरेदी ४८ तासांच्या आतली असेल तर. पण यंत्राने बाटलीतल्या द्रवाची खात्री दिली नाही, बाटली धातूची किंवा अपारदर्शक असली, तर ती अडते. त्यापेक्षा सोपा मार्ग तिथेच आहे. कस्टम्ससाठी चेक-इन बॅगा हातात येतातच. त्या पुन्हा देण्याआधी बाटली आणि परफ्यूम कपड्यांत गुंडाळून आत टाका. म्हणून एका बॅगेत जागा आणि वजन थोडं शिल्लक ठेवा, आणि त्या बॅगेच्या कुलपाची किल्ली हाताशी असू द्या.

परतताना मुंबईत उतरून पुढे नागपूर-गोव्याचं देशांतर्गत विमान असेल तर तिथेही हेच. दारूची करमुक्त मर्यादा भारतात माणशी २ लिटर.

रानजाई

शिकागोत आणखी एक: जुलै २०२५ पासून टीएसएने सरसकट बूट काढायला लावणं बंद केलं आहे. फ्रँकफर्टला मात्र जाड तळाचे किंवा धातू असलेले बूट काढायला सांगू शकतात. ज्येष्ठांना वाकायला त्रास होत असेल तर नाडीचे बूट नकोत.

पानगळ

शेवटचा प्रश्न. गंगाजलाची तांब्याची सीलबंद लोटी आहे, साधारण २०० मिली. हातात ठेवायची त्यांची फार इच्छा आहे.

एक्सरे

तांबं अपारदर्शक, आत द्रव, वर सील, आणि माप १०० च्या पुढे. मुंबईतच अडेल. लोटी चेक-इनमध्ये ठेवा, आणि ५० मिली गंगाजल काचेच्या किंवा प्लास्टिकच्या पारदर्शक बाटलीत काढून पिशवीत द्या. बाटलीवर 'होली वॉटर' लिहिलेलं असू द्या.